पाचवीतल्या साक्षीदाराचा जबाब

“पोरगी जबाब द्यायला फिट आहे, एवढं लिहून द्या मॅडम. उद्या मॅजिस्ट्रेटसमोर न्यायचंय तिला.”

फौजदार पठाण घाईत होते. त्यांच्यासमोरच्या बाकावर पाचवीत शिकणारी वर्षा बसली होती. एका बाजूला तिची आई कुसुमताई, दुसऱ्या बाजूला चुलता रावसाहेब. मी वर्षाला नाव विचारलं. तिनं आधी चुलत्याकडं बघितलं आणि मग नाव सांगितलं. स्वतःचं नाव सांगायलासुद्धा तिला परवानगी लागत होती, हे मला आवडलं नाही.

शहराचं नाव तेव्हा औरंगाबादच होतं आणि मी तिथल्या एका सरकारी दवाखान्यात क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट होते. म्हणजे औषध लिहून न देणारी, चाचण्या घेऊन आणि बोलून काम करणारी. लोकांना हा प्रकार कळायचा नाही. ओळख झाली की निम्मे लोक ‘माझ्या मनातलं ओळखा’ म्हणायचे आणि उरलेले तळहात पुढं करायचे.

प्रकरण असं होतं. वर्षाचे वडील भानुदास तिला सायकलवर मागं बसवून गंगापूरच्या बाजारातून गावी परत येत होते. एका गाडीनं धडक दिली आणि ती तशीच निघून गेली. भानुदास जागीच गेले. वर्षा बाजूच्या गवतात फेकली गेली आणि खरचटण्यावर निभावलं. रस्त्यावर दुसरं कुणी नव्हतं. आता वर्षाचं म्हणणं होतं की ती गाडी त्यांच्याच गावातल्या दिगंबरची भाड्यानं फिरणारी काळी-पिवळी जीप होती. दिगंबर आणि भानुदास यांची शेताच्या बांधावरून कुरबुर होती. त्यामुळे अपघाताचा खून झाला होता आणि दिगंबर कोठडीत बसला होता.

“पोरीनं डोळ्यानं बघितलंय,” रावसाहेब म्हणाले. “आजून काय पायजे?”

पठाणांनी फाइलमधून पोरीचा पहिला जबाब काढून दाखवला. अपघाताच्या दिवशी घेतलेला. ‘गाडी आली. आप्पा पडले. मी पडले.’ बस्, एवढाच. दुसरा जबाब दहाव्या-बाराव्यानंतरचा. त्यात जीप होती, दिगंबर होता, आणि त्यानं मागं वळून बघितलं आणि हसला, हेही होतं.

“पहिल्या दिवशी घाबरली होती. नंतर एक एक आठवत गेलं,” पठाण म्हणाले. “होता है ना मॅडम ऐसा?”

होतं. कधीकधी होतं. पण बहुतेक वेळा उलटं होतं, दिवस गेले की आठवण पुसट होत जाते.

स्मृती म्हणजे कपाटात ठेवलेला फोटो, असं आपण धरून चालतो. आमच्या शास्त्रात तिचे तीन टप्पे सांगतात. आधी संकेतन, म्हणजे डोळ्यांनी-कानांनी जे टिपलं ते मनात नोंदवणं. मग साठवण. मग प्रत्यानयन, म्हणजे हवं तेव्हा ते बाहेर काढणं. गोम या तिसऱ्यात आहे. आपण आठवण बाहेर काढतो तेव्हा ती थोडी नव्यानं रचतो, आणि रचताना जे हाताशी असेल ते तिच्यात घालतो. परत ठेवताना ती नवी आवृत्तीच ठेवली जाते. सांगणाऱ्याला यातलं काही जाणवत नाही. तो खोटं बोलत नसतो, हीच खरी अडचण असते. खोटं बोलणारा कुठंतरी अडखळतो. हा अडखळत नाही.

मी सगळ्यांना बाहेर बसवलं आणि आधी आईला एकटीला आत घेतलं. सुतकात घरी काय काय झालं ते विचारलं.

“रोज मान्सं भेटायला यायची,” कुसुमताई म्हणाल्या. “सोयरेधायरे, मामाकडचे, गावातले. आलं की बसायचं, रडायचं, अन् मग पोरीला म्होरं बोलवायचं. कसं झालं गं माय? सांग बरं. पैल्यांदा ती काहीच बोलंना. तोंडातून सबूद निघंना. मग कुणी म्हणायचं, जीप होती का? कुणी म्हणायचं, काळी-पिवळी व्हती ना? मग बोलाया लागली. मला तर बरं वाटलं. म्हणलं, पोरगी बोलती तर झाली.”

“आणि बोलली की लोक काय करायचे?”

“जवळ घ्यायचे. म्हणायचे, लई धीराची हाय. बापाचं नाव काढलं.”

दिगंबरचं नाव कुणी पहिल्यांदा घेतलं, ते त्यांना आठवेना. कुणाच्या तरी मामानं बांधाचा विषय काढला होता, एवढंच आठवत होतं.

आमच्याकडं एखाद्याच्या घरी मयत झाली की भेटायला गेलंच पाहिजे, आणि गेलं की ‘कसं झालं’ हे विचारलंच पाहिजे. नाही विचारलं तर माणूस कोरडा ठरतो. त्यात वाईट काहीच नाही. पण इथं सांगणारी एकटी पोर होती. ‘काळी-पिवळी होती ना?’ हा सूचक प्रश्न झाला, त्याच्या पोटातच उत्तर असतं. आणि उत्तर दिल्यावर मिळणारी मिठी आणि शाबासकी म्हणजे प्रबलन. ज्या वागण्याला असं काही मिळतं ते वागणं वाढतं. मांजर दुधाच्या वाटीकडं परत येतं, त्यात आणि यात तत्त्वाचा फरक नाही. आल्या-गेल्या प्रत्येकासमोर गोष्ट थोडी भरत गेली होती. कुणीही लबाडी केलेली नव्हती, रावसाहेबांनीसुद्धा नाही. त्यांचा भाऊ गेला होता आणि त्यांना कुणीतरी धरायला हवं होतं.

हे सगळं माझ्या डोक्यात स्वच्छ बसत होतं, आणि त्याचीच मला भीती वाटत होती. कारण दिगंबरनं खरंच उडवलं असेल तर? पोरीच्या आठवणीत भर पडली म्हणून तो निर्दोष ठरत नाही. शिवाय मीही तिच्यापुढं बसून विचारणारच होते. एक शब्द चुकला असता तर भेटायला आलेल्या माणसांत आणखी एकाची भर, एवढंच झालं असतं. मी वर्षाला आत बोलावलं.

पठाणांना आत यायचं होतं. मी नको म्हटलं. ऐकणाऱ्यानं नुसती मान हलवली तरी लेकरू उत्तर बदलतं.

“वर्षा, मी तिथं नव्हते,” मी म्हणाले. “मला काहीच ठाऊक नाही. तुला आठवतं तेवढंच सांग. ‘माहीत नाही’ म्हटलंस तरी मी रागावणार नाही.”

तिनं एका दमात सांगून टाकलं. बाजारातून निघालो, काळी-पिवळी आली, दिगूकाका चालवत होता, तो फाटक्या सीटवर बसला होता, त्यानं आप्पाला उडवलं, वळून बघितलं आन् हसला. पाठ केलेली कविता म्हणतात तसं. आवाज वर नाही, खाली नाही.

“सायकलवर कुठं बसली होतीस?”

“मागं. क्यारेजवर.”

“कशी?”

“आप्पाला धरून.” तिनं मान वाकडी करून गाल हवेत टेकवून दाखवला. “ऊन लई होतं. म्हणून तोंड पाठीला लावलं होतं.”

“मग?”

ती थांबली. एवढ्या वेळात पहिल्यांदाच थांबली.

“मग मी गवतात होते.”

“आणि?”

“एक चप्पल नव्हती. आप्पा उठंना.” मध्ये बोलायची ओढ आवरणं हे आमच्या धंद्यातलं सगळ्यात अवघड काम असतं. “गाडी नव्हती. गेली होती.”

“सीट फाटकं होतं म्हणालीस. त्याबद्दल सांग.”

“त्याच्यातून काथ्या निघतो. पायाला टोचतो.”

“कधी टोचतो?”

“शाळंत जाताना.”

पाचवीपासून वर्षाची शाळा गंगापूरला होती आणि गावातली सगळी पोरं दिगंबरच्या जीपमधूनच जायची. त्या जीपचं सीट, दिगंबरचा चेहरा, त्याचं हसणं हे सगळं तिनं खरोखर बघितलेलं होतं, पण रोज सकाळी, आत बसून. मनानं ते सामान उचलून त्या रस्त्यावर नेऊन ठेवलं होतं. याला सोर्स कन्फ्युजन म्हणतात. गोष्ट आठवते, ती कुठून आली ते आठवत नाही.

वर्षा माझ्याकडं बघत होती. चुलता समोर नव्हता, त्यामुळे बघायला मीच होते.

“मॅडम, मी खोटं बोलले का?”

“नाही,” मी म्हणाले. “अजिबात नाही.”

तिला ते पटलं असं वाटलं नाही. मला रडू आलं होतं, पण तिच्यासमोर रडून चाललं नसतं.

माझा निष्कर्ष लिहिलेला कागद घेऊन मी विभागप्रमुखांकडं गेले. त्यांनी वाचला आणि चष्मा काढला.

“तुम्हाला फिट की अनफिट एवढंच विचारलंय.”

“सर, ती फिट आहे. तिची आठवण फिट नाही.”

“तो पोलिसांचा प्रश्न आहे. हे लिहिलंत तर उद्या कोर्टात उभं राहावं लागेल. समोरचा वकील कपडे काढेल तुमचे. आहे तयारी?”

तयारी नव्हती. मी आयुष्यात कोर्टाची पायरी चढलेली नव्हते. पण मॅजिस्ट्रेटसमोरचा जबाब म्हणजे काळ्या दगडावरची रेघ. एकदा झाला की दिगंबर आत आणि पोर जन्मभर त्या वाक्याला बांधलेली. मी ‘आहे’ म्हणाले आणि सही केली.

व्हरांड्यात रावसाहेबांनी मला अडवलं.

“म्याडम, आमचा मानूस गेला. तुम्ही त्या दिग्याला सोडवायला बसलाव व्हय?”

“मी कुणालाच सोडवत नाही, रावसाहेब. वर्षाचं तोंड पाठीला टेकलेलं होतं. तिनं ड्रायव्हर बघितलेला नाही.”

“मंग कुनी मारलं माझ्या भावाला?”

“ते मला माहीत नाही,” मी म्हणाले. ते खाली बसले आणि डोक्याला हात लावून रडायला लागले. कुसुमताई आणि वर्षा बाजूला उभ्या राहून बघत राहिल्या.

पठाण फार चिडले. “मॅडम, आप मेरा गवाह ले गये,” म्हणाले. पण माणूस कामाचा होता. दुसऱ्या दिवशीचा जबाब त्यांनी पुढं ढकलला आणि सायकल पुन्हा बघायला काढली. इतके दिवस ती ठाण्याच्या मागं पडून होती. डोळ्यांनी बघणारा साक्षीदार असल्यावर सायकलीकडं कोण बघतो? पुढच्या मडगार्डला दुसऱ्या गाडीचा रंग घासून लागलेला होता. तो तपासायला गेला. रिपोर्ट यायला बरेच महिने लागले. तोवर ठाण्यातून कुणी आलं की मला वाटायचं, आता कळणार, मी खुन्याला वाचवलं. जेवण जाईना. नवरा म्हणायचा, दुसऱ्यांना शांत झोपायला शिकवतेस, स्वतःचं बघ जरा.

रंग त्या जीपचा नव्हता. दिगंबर सुटला. त्यानं जीप विकली आणि गावातच किराणा दुकान टाकलं. धडक देणारी गाडी कुणाची होती, ते कधीच कळलं नाही.

मी निवृत्त झाल्यावर एकदा वर्षा घरी आली. बिडकीनला दिली होती तिला, कडेवर मुलगी होती. चहा झाला. मग ती खाली बघत म्हणाली, “मॅडम, त्यानं नाय केलं, हे मला ठाऊक आहे. सगळं कळतं मला. पण डोळे मिटले की अजून तीच जीप येती, अन् दिगूकाका वळून हसतो. आप्पा शेवटी माझ्याशी काय बोलले, ते आठवावं म्हणते, तर ते येत नाय. हेच येतं.”

भरलेली आठवण काढून टाकायचं तंत्र आमच्या शास्त्राला अजून सापडलेलं नाही, हे मी तिला सरळ सांगितलं.

तेव्हापासून सुतकात कुणाच्या घरी भेटायला गेले तर मी लेकरांना काहीही विचारत नाही. त्यांना खाऊपिऊ घालते आणि मोठ्यांजवळ जाऊन बसते. लोक मला कोरडी म्हणतात. म्हणू देत.