यादीतलं नाव

तुरुंगात भेटायला जाताना काय घालायचं हे मला कुणी शिकवलं नव्हतं. वेबसाइटवर लिहिलं होतं: स्कार्फ नको, टोपी नको, खायचं काही आणू नका. ते वाचायच्या आधीच मी डबाभर चकल्या तळून बसले होते. आमचे हे म्हणाले, "अगं, तुरुंग आहे तो, हॉस्टेल नाही." मी म्हटलं, "तुम्हाला काय करायचंय? तुम्ही थोडेच येताय?" त्यावर ते पेपर घेऊन वरच्या खोलीत गेले.

शिक्षा झाल्यापासून पाच महिने हे असंच चाललं होतं. आमचा मुलगा, चौतीस वर्षांचा घोडा, दारू पिऊन गाडी चालवत होता आणि त्या गाडीखाली एक बाई गेली. तिलाही मुलं होती. मी नॉटिंगहॅमच्या हॉस्पिटलात लॅबमध्ये तीस वर्षं काढली, हे तिथेच सर्जन. अपघातातली किती माणसं यांनी आपल्या हाताने शिवलीत, मोजदाद नाही. कोर्टातून घरी आल्यावर हे एकच वाक्य बोलले, "मला मुलगा नाही." तेव्हापासून त्याचा फोन वाजला की उठून जायचे. राग मलाही आहे. इतका, की एकदा स्वप्नात मी त्याच्या थोबाडीत दिली. पण पोटचा गोळा आहे, करता काय?

तो स्वतःच कुणाला भेटायला बोलवत नव्हता. शेवटी पत्र आलं, इंग्रजीत, चार ओळींचं. येत्या शनिवारी ये, फक्त तू. नाही आलीस तर मी समजून जाईन, परत विचारणार नाही.

समजून जाईन म्हणजे काय, मेल्या? काय समजणार आहेस तू?

मंगळवारी बुकिंगच्या नंबरवर वीस मिनिटं संगीत ऐकलं. मग एका बाईने त्याचा प्रिझनर नंबर घेतला, माझं नाव विचारलं. मी पासपोर्ट समोर धरून एकेक अक्षर सांगितलं.

"सॉरी लव्ह, भेटायला येणाऱ्यांची जी यादी त्याने दिलीय, तिच्यात हे नाव नाहीये."

"अहो, मी त्याची आई आहे!"

"आई म्हणून एक नाव आहे. पण ते तुमचं नाही." कुणाचं आहे ते सांगता येत नाही म्हणाली, नियम आहे. शुक्रवारी पाचच्या आत यादी दुरुस्त झाली तर ठीक, नाहीतर शनिवार विसरा.

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. याला दुसरी आई कुठून मिळाली? आणि आग ओसरल्यावर शनिवार डोळ्यांपुढे आला. शनिवारी दोन वाजता तो टेबलाशी बसणार, समोरची खुर्ची रिकामी राहणार, आणि तो समजून जाणार.

संध्याकाळी त्याचा फोन आला. हे उठून वर गेले. मी हॅलोसुद्धा म्हटलं नाही. "यादीत कुणाला आई केलंस रे?"

"तुलाच, आई," तो म्हणाला, आणि त्याने एक नाव घेतलं.

मी टेबलाशी जाऊन बसले. ते माझ्या शाळेच्या दाखल्यावरचं नाव होतं. लग्नात ताटात तांदूळ पसरून यांनी अंगठीने त्यावर नवीन नाव लिहिलं. सासूबाईंनी निवडलेलं, मला न विचारता. पासपोर्टवर तेच, पेन्शनवर तेच, शेजारच्या बाईच्या तोंडी तेच. जुन्या नावाने हाक मारणारं माहेरचं माणूस आता एकही उरलेलं नाही. मुलाला मात्र मी एकदा सांगितलं होतं. तो सात वर्षांचा असताना, शाळेत वंशवृक्ष काढायला सांगितला होता म्हणून. मीच विसरून गेले होते.

"तूच म्हणाली होती," तो म्हणाला, "की हा तुझा खरा नाव आहे. मग खोटा कसा लिहू? आता मी खोटा काही लिहीत नाही."

"हा नाही, हे. खरं नाव," माझ्या तोंडून निघून गेलं. जन्मभर त्याचं मराठी सुधारत आलेय, जित्याची खोड.

"खरं नाव," तो पलीकडून शहाण्यासारखा म्हणाला. मला रडू आवरेना.

"यादीतलं ते नाव खोडून टाक," मी म्हटलं. "पासपोर्टवरचं लिही." मी स्पेलिंग सांगितलं, त्याने परत म्हणून दाखवलं. फॉर्म भरतो म्हणाला, पण शुक्रवारपर्यंत होईल का, सांगता येत नाही. तेवढ्यात फोन कापला गेला.

हे खाली आले तेव्हा मी तशीच बसले होते. माझे डोळे बघून, न विचारता, समोर बसले. मी सगळं सांगितलं. त्यांनी टेबलावरचा पासपोर्ट उघडून त्यातलं माझं नाव वाचलं. मग हळूच म्हणाले, "काय होतं गं ते नाव?"

चाळीस वर्षं ज्याच्याबरोबर संसार केला, त्या माणसाने मला हे विचारावं! खरं तर त्यांना नवीन नावाचंही कधी काम पडलं नाही, "अगं"वर भागलं. पण मला जे लागलं ते लागलंच.

"मी नाही सांगणार," मी म्हटलं. "ज्याला ठाऊक आहे त्याला विचारा."

पुढचे तीन दिवस आमच्यात कामापुरतंच बोलणं झालं. बुधवारी फोन नाही, गुरुवारी नाही. शुक्रवारी चारला वाजला, तेव्हा मी मुद्दाम दोन्ही हात कणकेत घातले. "मला उचलता येत नाही हो," मी ओरडले. फोन वाजतच होता. हे दाराशी उभे होते, वर जायच्या बेतात.

मग पावलं परत आली. "हॅलो." मग खुर्ची ओढल्याचा आवाज. "हं. झालं का? उद्या दोन वाजता. हं, सांगतो तिला, लगेच बुक करेल."

आता ठेवतील, असं मला वाटलं. पण ठेवला नाही.

"आईचं जुनं नाव काय होतं रे?" यांनी विचारलं. आणि मग त्यांनी ते दोनदा म्हटलं. पहिल्यांदा चुकलं, दुसऱ्यांदा बरोबर आलं.