मामांचे कान

आमच्या मामेसासऱ्यांइतकं इंग्लंडवर प्रेम खुद्द राणीनेही केलं नसेल. मात्र त्यांच्या इंग्लंडात राजवाडा नव्हता की क्रिकेट नव्हतं. त्यांचं इंग्लंड म्हणजे लाकडाची दोन खोकी. लीड्सजवळच्या ज्या स्पीकरच्या कारखान्यात त्यांनी तीस वर्षं काढली, त्याच्या मूळपुरुषाने पहिला स्पीकर कोंबड्यांच्या खुराड्यात बसून बनवला, ही कथा मी दर भेटीत सत्यनारायणाच्या पोथीसारखी ऐकत असे. पुढे म्हणे खोकं थरथरू नये म्हणून त्या गृहस्थाने दोन फळ्यांच्या मध्ये वाळू भरली. "वाळू! तुमच्या सॉफ्टवेअरवाल्यांना सुचेल का?" असं मामा विचारत, आणि वाळू न सुचल्याबद्दल मी ओशाळून जाई.

त्यांच्या लीड्सच्या घरी हॉलमध्ये आधी ती खोकी बसली आणि उरलेल्या जागेत मामा-मामी राहू लागले. सोफा कुठे ठेवायचा हे खोक्यांनी ठरवलं होतं. एकदा मी त्यांतल्या एकावर चहाचा कप ठेवला, तर मामा म्हणाले, "जावईबापू, देव्हाऱ्यावर चप्पल ठेवाल का?"

कारखान्यात स्पीकरची एक परीक्षा असे. पडद्यामागे कधी खरा माणूस बोले, कधी त्याचाच टेप केलेला आवाज स्पीकरमधून येई, आणि पुढे बसलेल्या मामांनी फरक ओळखायचा. दोन हजार सालानंतर कारखाना चीनला गेला, मामा घरी बसले. मग म्हणाले, "कारखाना गेला, पण त्याचे कान माझ्याकडे आहेत." तेव्हापासून दर रविवारी पाहुण्यांसमोर परीक्षा होऊ लागली. पडद्यामागे एक खोकं आणि मामी, दोघांच्या तोंडी साबुदाण्याच्या खिचडीची कृती. मामांचं उत्तर कधी चुकलं नाही.

एका रविवारी टेप चालू-बंद करायला मी पडद्यामागे होतो. "साबुदाणा रात्री भिजत घालावा," मामी म्हणाल्या आणि पायाच्या अंगठ्याने पडदा किंचित ओढला. "ही आमची मंडळी!" पलीकडून मामा गरजले. मग टेप लावली. पडदा स्तब्ध. "खोकं!" दहापैकी दहा बरोबर. पाहुण्यांनी टाळ्या वाजवल्या.

मी मामींच्या अंगठ्याकडे बोट दाखवलं. त्या कुजबुजल्या, "दोन वर्षं झाली. ह्यांना आवाज येतो, पण फरक कळत नाही. दारावरच्या बेलचा बारीक आवाज तर ऐकूच येत नाही. कुणाला सांगू नका हं. पडदा माझ्या श्वासाने हलतो असं ह्यांना वाटतं; मी मुद्दाम ओढते हे कळलं ना, तर त्या दिवशी कारखाना खरा बंद होईल."

जेवणं झाली, पाहुणे गेले. मी निघालो तेव्हा मामा मला गाडीपर्यंत सोडायला आले. इकडेतिकडे बघून हळूच म्हणाले, "जावईबापू, एक सांगू? ही हल्ली पडदा फार जोरात ओढते. लोकांच्या लक्षात येईल. पण तिला बोलू नका. मला कळलंय हे समजलं, तर तिला फार वाईट वाटेल."

मी दोघांनाही शब्द दिला. त्यानंतर कितीतरी रविवार टाळ्या वाजवल्या, आणि सगळ्यांत जोरात मीच.