तापीकाठची जुनी होडी

पलीकडच्या शेतात जाण्यासाठी मी जुनी होडी घ्यायला प्रकाशा गावी गेलो होतो. विकणारा म्हातारा मला पहिल्यापासूनच लबाड वाटला. बोलताना त्याचा पाय होडीतल्या एकाच फळीवरून हलत नव्हता. मी तो बाजूला घ्यायला लावला, तर खाली ताजं डांबर.

"काय लपवताय, बाबा?"

त्यानं काठावर ओंडक्यांवर ठेवलेल्या त्या होडीत नदीचं पाणी ओतायला सुरुवात केली. पंधरा-वीस बादल्या ओतल्या. मी वाकून वाकून पाहिलं, पण खालून थेंबही गळाला नाही. मग मी होडी न्यायला तिचा दोर हातात घेतला.

"पोहता येस का तुले?"

"नाही."

त्यानं दोर शांतपणे काढून घेतला.

"होडीना भरोसा शे, भाऊ. तुन्हा नही."