आवाज काकूचा, पेन काकांचं

माझे काका आणि काकू एकाच छापखान्यात, एकाच टेबलाशी बसून मजकूर तपासत म्हातारे झाले. काका मोठ्याने वाचत, काकू पेन चालवत असे. लेखकाने स्वल्पविराम कुठेही पेरलेले असोत, काकांचा आवाज जिथे हवा तिथेच थांबायचा आणि काकूचं पेन तिथेच टेकायचं. दोन वाक्यं आपापल्या पायांवर उभी आहेत आणि मधे ‘पण’ किंवा ‘आणि’ आहे, तर स्वल्पविरामाने भागतं; मधे असं काही नसेल, तर अर्धविराम हवा. कुठल्या वाक्याला कोणतं, यावरून दोघांची अशी जुंपायची की बांधणीवाले हातातलं काम टाकून ऐकायला यायचे. काकूच्या नाकावर राग, काकांच्या जिभेवर चेष्टा. हिने लग्नाच्या वेळी माझ्या होकारातसुद्धा चूक काढली, असं ते येणाऱ्याजाणाऱ्याला सांगत.

मग काकांना झटका आला. उजवा हात गेला, वाचा गेली. समजतं सगळं, असं डॉक्टर म्हणाले. पण घरात ते कोणी मनावर घेतलं नाही. डाव्या हाताने चमचा धरला, कौतुक. शर्टाचं बटण लावलं, कौतुक; मग ते भलत्याच काजात का असेना. जिने जन्मभर या माणसाची एक चूक पचू दिली नाही, ती काकूही “छान हं” म्हणायला लागली. मला ते ऐकवत नसे. काकांनी हळूहळू चमचाही हातात घेणं सोडलं.

छापखान्याचे मालक भले, पण टेबल किती काळ रिकामं ठेवणार? काकूने त्यांना गळ घातली की अदलाबदल करू. मी वाचते, हे डाव्या हाताने खुणा करतील. एक पान करून दाखवा, मालक म्हणाले, नाही जमलं तर मला दुसरी माणसं बघावी लागतील. मी दोघांना गाडीने घेऊन गेले. आज हे टेबल हातचं गेलं तर काका भिंतीकडे तोंड करून पडतील ते पुन्हा उठणार नाहीत, हे तिघांनाही ठाऊक होतं.

मालक समोर बसले. पानावरचा मजकूर मुद्दाम चिन्हांशिवाय छापला होता. काकूने वाचायला घेतलं. ती चक्क उत्तरं सांगत होती. स्वल्पविरामाशी जरा थबकायची, अर्धविरामाशी चांगला लांब श्वास घ्यायची, पहिलीतल्या पोराला शुद्धलेखन घालावं तशी. काकांचं पेन दोन ओळी चाललं आणि थांबलं. त्यांनी तळवा पानावर दाबून धरला आणि काकूकडे रोखून पाहिलं. दमले असतील असं वाटून मालकांनी पाणी मागवलं. काकांनी पाण्याकडे ढुंकूनही पाहिलं नाही.

काकूला कळलं. तिने चष्मा पुसला आणि कुठेही न थांबता, सपाट आवाजात पुढे वाचायला लागली. “दिवा विझला होता पण खिडकी उघडी होती.” ‘पण’च्या आधी स्वल्पविराम. “दार वाजलं कोणी उठलं नाही.” अर्धविराम, वाकडा, पण अर्धविरामच. पान संपत आलं. “मुलगी परतली आई बोलली नाही.” काकांचं पेन टेकलं, आणि त्यांनी स्वल्पविराम दिला.

मालकांच्या ते लक्षात आलं नाही. ते हसून वा वा म्हणाले. मी काकूला डोळ्यांनी विनवत होते, की बाई, काम झालंय, आता मूग गिळून गप्प बस. तिचे ओठ हललेही, “छान हं” म्हणायला.

मग तिने पानावर बोट ठेवलं.

“चुकलंत,” ती म्हणाली. “मधे ‘पण’ आहे का? नाही ना? मग स्वल्पविराम कसा दिलात?”

मालकांचं हसू मावळलं. काका तिच्याकडे बघत राहिले. मग त्यांचे खांदे हलायला लागले. आजारपणानंतर पहिल्यांदाच ते हसत होते, अर्ध्या तोंडाने, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. त्यांनी पान ओढून घेतलं आणि त्या स्वल्पविरामाच्या डोक्यावर टिंब दिलं, इतकं दाबून की कागद फाटला.

“अशा चुका रोज होतील,” मालक म्हणाले.

“होतील,” काकू म्हणाली. “मी धरीन.”

तोवर काकांनी पुढच्या पानासाठी डावा हात पुढे केला होता. मालकांनी क्षणभर त्या हाताकडे पाहिलं आणि पान दिलं.