ग्रीसमास्तरांचे सहा बोल्ट

पाणीपुरवठ्याच्या पंपघरात चौतीस वर्षं फिटर म्हणून राबलेल्या या गृहस्थांना सगळी गल्ली ग्रीसमास्तर म्हणायची, आणि त्यात थट्टा कमी, खरेपणाच जास्त होता. दाराची बिजागरी, कात्री, शेजाऱ्यांच्या फाटकाची कडी, काहीच त्यांच्या हातून कोरडं सुटत नसे. बायको म्हणायची, "मी फारशी कुरकुरत नाही, म्हणून वाचले."

त्यांची गाडी मुलीपेक्षा तीन वर्षांनी मोठी होती. मुलगी परिचारिका, आणि गाडी आता तीच चालवायची. गेले तीन महिने त्या गाडीला एक खोड लागली होती. गिअरबॉक्सपासून चाकापर्यंत जोर नेणारा अ‍ॅक्सल ज्या सहा बोल्टांनी बसवलेला असतो, ते बोल्ट आपोआप सैल व्हायचे. आधी बारीक टकटक, मग खडखडाट. एकदा तर चढावरच दोन गळून पडले आणि गाडी टेम्पोला बांधून ओढत आणावी लागली. मास्तर दर वेळी बोल्ट आवळायचे आणि दर वेळी निदानही ऐकवायचे, "क्लच दणकन सोडतेस तू. बोल्ट बिचारे काय करतील?"

बोलायला काय जातं माणसाचं! मुलीने मात्र ते मनाला लावून घेतलं. डोंगरावरच्या दवाखान्यात तिला मनासारखी जागा मिळत होती आणि शनिवारपर्यंत होकार कळवायचा होता. गुरुवारी जेवताना बायकोने हळूच सांगितलं, "ती नाही म्हणणार आहे. म्हणते, बाबांनाच माझ्या गाडी चालवण्याचा भरवसा नाही, तर अडीअडचणीला पेशंटला बसवून मी घाट कसा उतरू?"

मास्तर अर्ध्या ताटावरून उठले आणि नवे बोल्ट आणायला बाहेर पडले.

शुक्रवारी सकाळी मुलगी बसने कामावर गेली, तसे ते नवे सहा बोल्ट घेऊन गाडीखाली शिरले. बायको उजेडासाठी बॅटरी धरून बाजूला बसली. पहिला जुना बोल्ट पान्याची वाट न पाहता दोन बोटांनीच फिरला आणि अलगद बाहेर आला. ग्रीसने नुसता माखला होता. मास्तरांनी तो पुसला, नवा बोल्ट उचलला आणि सवयीने ग्रीसच्या डब्यात बुडवला.

"अहो," बायको म्हणाली, "हे बोल्ट घट्ट धरून ठेवायलाच लावलेत ना? मग त्यांना घसरायची सोय कशाला करून देताय?"

"तुला काय कळतंय त्यातलं," असं ते म्हणणार होते, तेवढ्यात त्यांचं लक्ष हातातल्या माखलेल्या बोल्टाकडे गेलं. पंपघरात सगळं सतत ओलं असायचं, शिवाय पंप दर महिन्याला उघडायचा. तिथे बोल्ट गंजून अडकू नये म्हणून ग्रीस. इथे मात्र बोल्टाने चिकटून राहायचं होतं, आणि ते दर वेळी मोठ्या प्रेमाने त्याचे आटे बुळबुळीत करून ठेवत होते. त्यांना स्वतःची भयंकर लाज वाटली. पोरीला तीन महिने बोल लावला होता.

मग दोघं कामाला लागली. बोल्ट आणि भोकं पेट्रोलने धुतली. विणायच्या सुईला चिंधी गुंडाळून बायकोने आतले आटे कोरडेठाक केले. ठरावीक जोर पडला की कट्ट वाजणारा पाना मास्तरांनी कोपऱ्यावरच्या मेकॅनिककडून मागून आणला आणि समोरासमोरचे बोल्ट आळीपाळीने आवळले. शेवटी मुलीचं लाल नेलपॉलिश घेऊन बोल्टाच्या डोक्यापासून खालच्या पत्र्यापर्यंत एकेक रेघ ओढली. बोल्ट जरा जरी फिरला, तरी रेघ तुटणार.

शनिवारी सकाळी ते मुलीला म्हणाले, "चल, घाट चढून येऊ." ती नाखुशीनेच निघाली. क्लच इतका जपून सोडत होती की मास्तरांना बघवेना. शंभर किलोमीटर ते कान टवकारून बसले होते. टकटक नाही की खडखड नाही.

घरी येताच पोतं अंथरून ते गाडीखाली सरकले. सहाच्या सहा रेघा अखंड! त्यांना इतकं हायसं वाटलं की क्षणभर डोळेच मिटले. नंतर पाना लावून पाहिला. एकही बोल्ट तसूभर हलला नाही.

"घट्ट आहेत?" बाहेरून मुलीने विचारलं. "म्हणजे आता मला क्लच नीट सोडता येतो तर!"

आयती पळवाट होती. गप्प राहिलं असतं तरी चाललं असतं, मुलगी खूश आणि बापाची अब्रूही शाबूत. गाडीखालून त्यांना तिच्या फक्त चपला दिसत होत्या. त्या चपलांकडे बघत ते म्हणाले, "तुला आधीही येत होता. ग्रीस मी लावत होतो. बोल्ट त्यानेच सैल व्हायचे."

मग ती खाली बसली, वाकली आणि तिचा चेहरा गाडीखाली आला. "परत सांगा."

"तुझी काही चूक नव्हती, बाळा. सगळी माझी होती."

"तीन महिने, बाबा!" ती म्हणाली. डोळे भरून आले होते आणि हसूही आवरत नव्हतं. "स्टिअरिंग धरायचीच भीती वाटायची मला."

"माहीत नव्हतं गं मला."

डोळे पुसत ती उठली आणि तिथेच उभं राहून तिने डोंगरावरच्या दवाखान्याला फोन लावला. "हो, मीच बोलतेय. सोमवारपासून येते. नाही, बस नको, माझी गाडी आहे."

मास्तर पोत्यावर तसेच उताणे पडून ऐकत राहिले. बाहेर यायची त्यांना काही घाई नव्हती.