बायजाआजीचं पहिलं मत

ऐका, माझा एक अस्सल गाढवपणा सांगतो. मी रोज डायरी लिहितो, त्यामुळे नाकबूल करायचीही सोय नाही!

ऐंशीच्या दशकातली गोष्ट. मी सरकारी कचेरीत कारकून, राहायला उल्हासनगरला, कॅम्प नंबर पाचमध्ये. ग्रामपंचायतीच्या निवडणुकीत पहिल्यांदाच केंद्राध्यक्ष झालो, आणि वाट्याला आलं बदलापूरपलीकडचं, शेतांत विखुरलेलं एक गाव. मतदार किती? अवघे त्र्याऐंशी! तरी साहेबांनी बजावलं होतं, "गडबड झाली तर नोकरीवर येईल."

सकाळी शाळेत मतपेटी मांडली. समोर आंब्याखाली अख्खं गाव बसलेलं. पण कोणी उठेल तर शपथ!

"अहो, या की मत द्यायला!"

"येतू ना सायेब," तंबाखू मळत दगडूदादा नावाचे म्हातारे म्हणाले. "कनाला घाई करताव?"

नऊ वाजले. दहा वाजले. पेटी रिकामी! दोन्ही उमेदवार मात्र शेजारी बसून एकाच डबीतला चुना खाताहेत.

माझ्या पोटात गोळा आला. "कोणाची वाट बघताय?" एवढं विचारलं असतं तरी भागलं असतं. पण मी काय केलं? लिहायला बसलो! साहेबांना, सुवाच्य अक्षरात: 'गावात तणावपूर्ण शांतता. मतदानावर संपूर्ण बहिष्कार. तातडीने जादा पोलीस पाठवावेत.' आणि बंदोबस्ताच्या पोलिसाला चिठ्ठी देऊन सायकलवर पिटाळलं.

तो दिसेनासा झाला, आणि सगळं गाव एकदम उभं राहिलं!

बांधावरून एक वाकलेली म्हातारी काठी टेकत येत होती. लुगडं स्वच्छ धुतलेलं, पाय गुडघ्यापर्यंत चिखलात.

"बायजाआजी," दगडूदादा टोपी सारखी करत म्हणाले. "गावान सगल्यांत मोठी. ओढ्यापल्याड एकलीच रेते. तिनं टाकल्याबिगर आमच्यात कोन मत टाकीत नाय."

"मग सकाळीच सांगायचं ना!"

"तुमी इचारलंव कवा? तुमी तं लिवत व्हतेव!"

एकमेकांविरुद्ध उभ्या त्या दोन उमेदवारांनी आजीला दोन बाजूंनी धरून शाळेची पायरी चढवली. तिनं मत टाकलं, आणि मग बाकीची रांग. दुपारपर्यंत त्र्याऐंशीपैकी त्र्याऐंशी! अंगावर काटा आला हो माझ्या.

तेवढ्यात जीप आली. लाठ्या घेतलेले पोलीस, पुढं साहेब.

"तणाव कुठाय?"

"साहेब... फक्त माझ्या पोटात."

साहेबांनी भरलेल्या पेटीकडं पाहिलं, आजीकडं पाहिलं आणि चिठ्ठीची घडी करून माझ्याच खिशात कोंबली. नोकरी वाचली!

आजीनं सगळ्यांना चहा द्यायला लावला. मग मला म्हणाली, "लेका, तुज्या गावाला पयलं मत कोन टाकतं?"

"आमच्याकडं तसं काही नसतं, आजी."

"मंग तू कवा टाकतंस?"

त्याच रात्री घरी येऊन जुन्या डायऱ्या काढल्या, मागच्या तिन्ही निवडणुकांची पानं शोधली. संपूर्ण बहिष्कार सापडला एकदाचा! तिन्ही पानांवर, माझ्याच सुवाच्य अक्षरात:

'मतदानाची सुट्टी. दुपारी छान झोप लागली.'