बेकरीला लागून असलेली खोली

दादा गेल्याचा वहिनींचा फोन आला तेव्हा मी एव्हरशाईन सिटीतल्या माझ्या फ्लॅटमध्ये चहा गाळत होते. चहा प्यायले आणि मगच निघाले. सख्खा भाऊ, पण चार वर्षं मी त्याच्याशी बोलले नव्हते आणि त्याचं मला वाईटही वाटत नव्हतं. आता तीन आठवडे झाले. जो तो त्याचे गोडवे गातोय, म्हणून हे लिहायला बसले.

दादा कारखान्यात बॉयलरवर होता. उष्णता वाया गेलेली त्याला बघवायची नाही. उमेळे गावातल्या आमच्या घराच्या मागच्या भिंतीला लागून पावाची बेकरी आहे. तिच्या धुराड्यातून ऊब नुसती वर जाते म्हणून हा जेवताना हळहळायचा. निवृत्त झाल्यावर त्याने बेकरीवाल्या अंकलना गळ घातली, धुराड्याला पाण्याची टाकी बसवली आणि तिथून तांब्याचा पाइप भिंतीतून थेट आईच्या पलंगाखाली आणला. वाडीतली थंडी आईच्या गुडघ्यांना सोसत नसे. त्या पौषात ती काठीशिवाय अंगणात आली, हे मला मान्य करावंच लागेल... पण तेवढंच.

कारण पुढे मे महिना आला. भट्टी काही उन्हाळ्यात बंद राहत नाही. आई त्या खोलीत पदराने वारा घेत बसायची. मी म्हटलं, पाइपला एक कॉक लाव, नाहीतर तिला माझ्याकडे पाठव. तो म्हणाला, कॉक लावला की लोक बंद करतात, मग सगळं पुन्हा आकाशात. आईला विचारावं तर ती त्याचं मन राखायची. शेवटी मी रिक्षा घेऊन तिला न्यायला गेले, तर त्याने मला दारातूनच परतवून लावलं. आठवड्यात आई गेली. डॉक्टर म्हणाले, वय झालं होतं. मी सगळ्यांदेखत म्हटलं, "तू तिला शिजवलंस, दादा." त्या दिवसापासून मी त्याच्याशी बोलणं टाकलं.

आता दादाच्या तेराव्याला मी त्या खोलीत गेले. खोली उबदार, पलंग मोकळा. दादा न्यूमोनियाने गेला. शेवटचा महिनाभर तो ओटीवर दोन ब्लँकेटं घेऊन कुडकुडत होता, असं वहिनी सांगत होत्या. मग इथे का नाही झोपवलंत, मी विचारलं.

"आई गेल्यापासून या खोलीत पाऊल टाकलं नाही त्यांनी."

मग ही ऊब बंद तरी करायची.

"कशी करणार, ताई? कॉक कुठाय?"

माझ्यापाशी एक शब्द बोलला असता तर काय बिघडलं असतं? त्याऐवजी हा माणूस चार हिवाळे बाहेर गारठत पडला आणि दहा पावलांवर ती ऊब वाया घालवत राहिला. मला भयंकर चीड आली, अजून येते. मी वहिनींचं अंथरूण उचलून आईच्या पलंगावर घातलं. त्या नको नको म्हणत होत्या.

"झोपा मुकाट्याने," मी म्हटलं, "घरात एक गाढव पुरे होतं."

आणि मग मात्र मला रडू आवरेना.